वर्षभराची लाट

ऑगस्ट १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत एक सिंगल फक्त एका दिवसासाठी विक्रीला आले. दुसऱ्या दिवशी कंपनीने ते बंद करून टाकले. बँडचे नाव स्मॅश, गाण्याचे नाव ‘आय वॉन्ट टु किल समबडी’. कन्झर्वेटिव्ह पक्षाच्या बड्या राजकारण्यांची नावे घेऊन त्यांच्या जिवावर उठलेले हे गाणे रेडिओवर सुखाने वाजणे शक्यच नव्हते. तरीही त्या एका दिवसाच्या विक्रीवर ते राष्ट्रीय तक्त्यात २६व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशरमधल्या वेल्विन गार्डन सिटी या आखून-रेखून वसवलेल्या नगरातून आलेल्या तिघा तरुणांचे हे सर्वांत मोठे यश. त्याच शरद ऋतूत त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम आला. तो ५९व्या क्रमांकावरच अडला. पुढे दीड-दोन वर्षांत बँड मोडला.

एका बँडची ही कथा एका अख्ख्या चळवळीलाही लागू पडते. ‘न्यू वेव्ह ऑफ न्यू वेव्ह’ या लांबलचक नावाने ती ओळखली गेली. १९९३च्या उत्तरार्धात तिची चाहूल लागली, १९९४च्या वसंतात तिचा सर्वत्र बोलबाला झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे नाव घेणारे कोणी उरले नाही. ब्रिटिश रॉकच्या इतिहासावरच्या जाड पुस्तकांत तिच्या वाट्याला फार तर एक परिच्छेद येतो. पण त्या वर्षभरात घडलेले नीट पाहिले, तर पुनरुज्जीवन म्हणजे काय, जुने सूर नव्या पिढीच्या हाती कसे येतात आणि साप्ताहिकांच्या मथळ्यांत चळवळी कशा जन्मतात व मरतात, हे फार स्पष्ट दिसते.

ज्या ‘न्यू वेव्ह’चे हे पुनरुज्जीवन होते, ती १९७७च्या आसपासची. पंक रॉकचा भडका उडाल्यावर त्याच्या मागोमाग अनेक बँड आले. पंकचा वेग आणि आखूडपणा त्यांनी ठेवला, मात्र त्यात बुद्धी, विनोद, कीबोर्ड आणि नेटकी वेशभूषा मिसळली. ब्लाँडी, द स्ट्रँग्लर्स, वायर, द जॅम ही त्यांतली ठळक नावे. वायरच्या १९७७च्या ‘पिंक फ्लॅग’ या पहिल्या अल्बममध्ये २१ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून जेमतेम ३५ मिनिटांत संपतात. सांगायचे ते सांगून झाले की गाणे तिथेच थांबते. गिटारचा स्वर कोरडा, चिरका, तुटक. लांबलचक एकल वादन नाही. ढोलाचा ठोका सरळ. आधीच्या दशकातल्या वीस-वीस मिनिटांच्या रॉक रचनांना दिलेले ते उत्तर होते.

सोळा वर्षांनी ब्रिटनमधल्या तरुणांना पुन्हा तेच उत्तर का हवेसे वाटले? यावेळी समोर अमेरिका होती. सिअ‍ॅटलच्या निर्वाना या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ १९९१च्या सप्टेंबरमध्ये आला आणि त्यानंतर ग्रंज संगीताने जग व्यापले. जड, घोगऱ्या गिटारी, हळू सुरू होऊन अचानक फुटणारी गाणी, चौकड्यांचे ढगळ शर्ट, स्वतःबद्दलचा तिटकारा. ब्रिटनमध्येही त्याच्या नकला निघू लागल्या. त्याआधीचे स्थानिक प्रवाह थकले होते. मँचेस्टरचा नाच-रॉकचा बहर ओसरला होता. गिटारच्या आवाजाची धुक्यासारखी भिंत उभारून तिच्यामागे गायकाचा आवाज बुडवणारे बँड स्वतःच्या बुटांकडे पाहत वाजवत होते. त्यांच्या संगीतात सौंदर्य होते, पण त्यातल्या कोणाच्याही डोळ्यांत ठिणगी नव्हती.

आर्थिक परिस्थितीही बिकट होती. १९९३च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या नोंदणीकृत बेकारांची संख्या तीस लाखांच्या जवळ पोहोचली होती. १९९२च्या सप्टेंबरात पौंडाची पत घसरून देशाला युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून बाहेर पडावे लागले. पुढच्याच महिन्यात सरकारने ३१ कोळसाखाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला. कन्झर्वेटिव्ह पक्ष १९७९ पासून सत्तेत होता. १९९३ मध्ये विशीत असलेल्या मुलांना दुसऱ्या पक्षाचे सरकार धड आठवतही नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या मिलवॉल प्रभागातून ब्रिटिश नॅशनल पार्टी या वंशद्वेषी पक्षाचा उमेदवार नगरसेवक म्हणून निवडून आला. १९७७च्या रेकॉर्डमधला संताप या पिढीला जुना वाटला नाही, याची कारणे तिच्या आसपास उघडी पडलेली होती.

वाट आधीच थोडी मळली होती. वेल्समधल्या ब्लॅकवुड या खाणकामगारांच्या गावातून आलेले मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स १९९१ मध्ये द क्लॅश या पंक बँडसारखे स्टेन्सिलने घोषणा छापलेले शर्ट घालून मंचावर उभे राहत आणि लंडनचे समीक्षक त्यांना नकलाकार म्हणत. १५ मे १९९१ रोजी नॉरिचमधल्या कार्यक्रमानंतर ‘एनएमई’ साप्ताहिकाचा पत्रकार स्टीव्ह लमाक याने त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेतली. तेव्हा बँडच्या रिची एडवर्ड्‌सने त्याच्यासमोरच ब्लेडने स्वतःच्या हातावर ‘फोर रिअल’ ही अक्षरे कोरली. या घटनेकडे रोमांचक दंतकथा म्हणून पाहणे बरोबर नाही. तो एका आजारी, दुःखी तरुणाचा स्वतःवरचा घाव होता. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न पुढच्या सगळ्या प्रकरणाला चिकटून राहिला: दुसऱ्याच्या जुन्या कपड्यांत उभे राहून कोणी खरे बोलू शकतो का? आणि स्टीव्ह लमाक हे नावही लक्षात ठेवावे, कारण ते पुन्हा येणार आहे.

मग १९९३ आले. मार्चच्या अखेरीस लंडनच्या स्वेड या बँडचा पहिला अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला. एप्रिलमध्ये ‘सिलेक्ट’ मासिकाने त्यांच्या गायकाला, ब्रेट अँडरसनला, ब्रिटिश झेंड्यासमोर उभे करून अमेरिकनांना घरी परतण्याचा इशारा देणारे मुखपृष्ठ छापले. बँडांच्या दुनियेत हवा फिरल्याची ती खूण होती. आता संपादकांना एक नवी, स्वदेशी, तरुण टोळी हवी होती.

अशा टोळ्या शोधणे आणि त्यांचे बारसे करणे हा तेव्हाच्या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांचा मुख्य उद्योग होता. १९५२ पासून निघणारे ‘एनएमई’ आणि १९२६ पासूनचे ‘मेलडी मेकर’ ही दोन साप्ताहिके दर आठवड्याला वाचकांसाठी झुंजत. तिसरे, ‘साउंड्‌स’, १९९१ मध्ये बंद पडले होते. त्याच ‘साउंड्‌स’ने १९७९ मध्ये ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ असा मथळा देऊन हेवी मेटलच्या नव्या पिढीला नाव मिळवून दिले होते. ‘एनएमई’च्या लेखकांनी आता त्याच साच्यात नवे नाव ओतले. लंडनच्या लहान पबांमध्ये वाजवणारे पाच-सहा बँड एका छत्राखाली आणले गेले. त्यांच्या जोडकार्यक्रमांची वृत्ते, मुलाखती, छायाचित्रे पानेच्या पाने भरून येऊ लागली.

या टोळीच्या मध्यभागी दोन बँड होते, आणि दोघांचीही कंपनी एकच, हाय-राइज.

पहिला अर्थात स्मॅश. एड बॉरी गात असे व गिटार वाजवी, साल्वादोर अलेसी बेस गिटारवर आणि रॉब हेग ड्रम्सवर. तिघेच असल्यामुळे त्यांच्या वादनात लपायला जागा नव्हती, आणि हेच त्यांचे बळ होते. आवाज घट्ट, वेगवान, कधी कधी कच्चा. पण गाण्यांचे विषय पाहिले की त्यांना केवळ नकलाकार म्हणणे अन्यायाचे ठरते. बलात्कार, पुरुषी वर्चस्व, मध्यमवर्गीय नगरातला कोंडमारा यांवर ते बोलत. एका गाण्याचे शीर्षक तर त्यांनी जर्मेन ग्रीअर या स्त्रीवादी लेखिकेच्या १९७१च्या निबंधावरून घेतले. तीन तरुण मुलांनी स्त्रीवादी निबंध वाचून त्यावर दोन-तीन मिनिटांचे तडाखेबंद गाणे करावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १९९४च्या वसंतात आधीची गाणी एकत्र करून काढलेला त्यांचा छोटा अल्बम २८व्या क्रमांकापर्यंत गेला.

दुसरा बँड ब्रायटनचा, दीज अ‍ॅनिमल मेन. त्यांचा पिंड वेगळा होता. डोळ्यांत काजळ, अंगात आदिदासचे पट्ट्यापट्ट्यांचे जॅकेट, केस साठीच्या दशकातल्या मॉड तरुणांसारखे. गिटारवादकाने तर ‘हूलिगन’ असे टोपणनाव घेतले होते. ‘स्पीड किंग’ या गाण्यात त्यांनी उत्तेजक गोळ्यांचे उघड गुणगान केले आणि साहजिकच आरडाओरडा झाला. उत्तेजक द्रव्यांच्या कौतुकात धाडस पाहण्याची ती रीत आज पोरकट आणि घातक वाटते. त्यांच्या भोवतीचा बराच गाजावाजा याच एका गोष्टीवर उभा होता, हेही खरे. तरी त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांतली सामूहिक आरोळी, तारुण्याबद्दलची बेभान श्रद्धा ऐकताना आजही अंगात वीज खेळते. ‘टू सस्ड?’ हा त्यांचा छोटा अल्बम १९९४ मध्ये ३९व्या क्रमांकावर पोहोचला.

या दोघांच्या अवतीभवती इतर बँड होते. कम्पल्शन हा लंडनमध्ये स्थिरावलेला, मुळात आयर्लंडशी नाते असलेला बँड. त्याचा ‘कम्फर्टर’ हा अल्बम याच वर्षीचा. एकोबेलीची गायिका सोन्या मदन दिल्लीत जन्मलेली; अगदी लहानपणी ती आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेली. बँडचा गिटारवादक स्वीडनचा. दुसरी गिटारवादक डेबी स्मिथ कृष्णवर्णीय. वंशद्वेषी पक्ष निवडणूक जिंकत असताना आणि मासिके झेंडे फडकवत असताना सोन्या मदन ब्रिटिश झेंडा छापलेल्या शर्टवर हा देश माझाही आहे अशा अर्थाचे शब्द लिहून उभी राहिली. त्या वर्षातल्या अनेक आक्रस्ताळ्या घोषणांपेक्षा हा एक शर्ट जास्त बोलका होता. स्लीपर हा बँडही काही काळ याच यादीत टाकला गेला. एकोबेली आणि स्लीपर खरोखर या चळवळीचे होते का, याबद्दल मतभेद होऊ शकतो. साप्ताहिकांनी ज्यांना हाताशी धरले, ते या यादीत आले, इतकेच.

आणि होती इलॅस्टिका.

जस्टीन फ्रिशमन हिने वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले होते. ती ब्रेट अँडरसनबरोबर स्वेडच्या स्थापनेत होती, पण बँडला यश मिळण्याआधीच बाहेर पडली. १९९२ मध्ये तिने ड्रमवादक जस्टिन वेल्चबरोबर नवा बँड उभारायला घेतला. गिटारवर डॉना मॅथ्यूज आणि बेसवर अ‍ॅनी हॉलंड आल्या. तीन स्त्रिया आणि एक पुरुष, सगळे काळ्या कपड्यांत, चेहऱ्यावर मुद्दाम आणलेला कंटाळा. त्यांचे पहिले सिंगल ‘स्टटर’ १९९३च्या शरदात मोजक्या प्रतींत निघाले आणि हातोहात संपले. ते काढणारी डिसेप्टिव्ह ही छोटी कंपनी सुरू करणाऱ्यांत स्टीव्ह लमाक होता. नॉरिचच्या त्या रात्री रिची एडवर्ड्‌ससमोर बसलेला हाच तो पत्रकार. त्याच वर्षी त्याला बीबीसीच्या रेडिओ वनवर, जो व्हायलीबरोबर, ‘इव्हनिंग सेशन’ हा संध्याकाळचा कार्यक्रम मिळाला. त्या काळी ब्रिटनमध्ये नवे गिटारसंगीत देशभर पोहोचवणारी याहून मोठी खिडकी नव्हती.

इलॅस्टिकाची गाणी ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती काटकसर. ‘स्टटर’ सव्वादोन मिनिटांच्या आसपास आटोपते. एक ठसठशीत रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरतुकडा, हा तिथे भावगीतातल्या मुखड्याचे काम करतो. सारे गाणे त्याच्याभोवती फिरते आणि तो कानात बसला की गाणे संपते. विषय शरीराचे, इच्छेचे, पुरुषांच्या फजितीचे. स्त्रीने हे इतक्या थंड, निर्विकार आवाजात गावे, यातच त्यांचा नवेपणा होता. ‘लाइन अप’ १९९४च्या सुरुवातीला विसाव्या क्रमांकावर गेले, ऑक्टोबरमध्ये ‘कनेक्शन’ सतराव्या, आणि पुढच्या फेब्रुवारीत ‘वेकिंग अप’ तेराव्या.

इथे एक अडचण आली, आणि ती या सगळ्या पुनरुज्जीवनाच्या गाभ्याला हात घालणारी आहे. ‘कनेक्शन’चा मुख्य रिफ वायरच्या ‘थ्री गर्ल रूंबा’ या दीड मिनिटाहून छोट्या गाण्यातल्या रिफशी इतका जुळत होता की तो योगायोग मानणे कठीण होते. ‘लाइन अप’चे नाते वायरच्याच ‘आय अ‍ॅम द फ्लाय’शी लागत होते. ‘वेकिंग अप’ ऐकताना स्ट्रँग्लर्सचे १९७७चे ‘नो मोर हीरोज’ आठवल्याशिवाय राहत नव्हते. दोन्ही बँडांच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकांनी दावे केले. प्रकरण न्यायालयात निकालापर्यंत न जाता तडजोडीने मिटले. मानधनात वाटा देणे आले.

इलॅस्टिकाला चोर म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. स्वरतुकडा उचलला गेला, त्याची किंमत मोजली गेली आणि ते योग्यच झाले. पण वायरचे मूळ गाणे आणि ‘कनेक्शन’ एकापाठोपाठ ऐकावीत. वायरच्या गाण्यात तो तुकडा एका कोड्यासारखा येतो आणि विरून जातो. इलॅस्टिका त्याच तुकड्यावर एक पूर्ण, खुसखुशीत, नाचता येईल असे पॉप गाणे बांधतात. वायरला ज्याची गरज वाटली नव्हती ते त्यांनी त्यात पाहिले. मार्च १९९५ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ओअ‍ॅसिस या बँडच्या पहिल्या अल्बमनंतर इतक्या वेगाने खपलेला पदार्पणाचा अल्बम ब्रिटनमध्ये दुसरा नव्हता. हजारो तरुणांनी त्या वादामुळेच ‘पिंक फ्लॅग’ पहिल्यांदा शोधून ऐकला, हेही विसरता येत नाही.

इलॅस्टिका आणि बाकीच्या टोळीतला फरक इथेच आहे. स्मॅश आणि दीज अ‍ॅनिमल मेन यांनी १९७७चा आवेश घेतला: वेग, राग, पोशाख, आरोळी. इलॅस्टिकाने कारागिरी घेतली. काय गाळायचे, कुठे थांबायचे, किती कमी वाजवायचे, हे त्या जुन्या रेकॉर्डकडून शिकून घेतले. आवेश वर्षभरात शिळा होतो. कारागिरी नव्या कपड्यांतही टिकते, आणि म्हणूनच ‘न्यू वेव्ह ऑफ न्यू वेव्ह’चे लेबल गळून पडल्यावरही इलॅस्टिकाचे काही बिघडले नाही.

आवेशाचीही एक अडचण होती. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या तरुणांचा खरा राजकीय संघर्ष गिटारच्या पबांत चाललेलाच नव्हता. सरकारने क्रिमिनल जस्टिस विधेयक आणले होते, आणि त्यातली काही कलमे थेट उघड्या माळरानावर रात्रभर चालणाऱ्या रेव्ह पार्ट्यांवर होती. एका सुरात पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या ठोक्यांचे संगीत कायद्याच्या भाषेत गुन्ह्याच्या व्याख्येत घातले गेले. त्याविरुद्ध मे, जुलै आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये लंडनमध्ये तीन मोठे मोर्चे निघाले. त्यांत रेव्हला जाणारे, भटके प्रवासी, रस्तेविरोधी कार्यकर्ते होते. ज्या संगीतावर राज्यसत्ता खरोखर चाल करून आली होती ते नाचाचे, यंत्रांवर रचलेले संगीत होते. गिटार घेऊन १९७७च्या भाषेत सत्तेला शिव्या देणाऱ्या बँडांचा राग खोटा नव्हता, पण तो रणांगणाच्या एका बाजूला उभा होता.

पाच एप्रिल १९९४ रोजी निर्वानाचा गायक कर्ट कोबेन याने आत्महत्या केली. ज्या ग्रंजविरुद्ध ही मंडळी उभी राहिली होती, त्याचा आवाज असा अकस्मात थांबला. त्याच महिन्यात मँचेस्टरच्या ओअ‍ॅसिस या बँडचे पहिले सिंगल आले, आणि महिना संपता संपता ब्लर या बँडचा ‘पार्कलाइफ’ हा अल्बम. ‘पार्कलाइफ’ थेट पहिल्या क्रमांकावर गेला. ब्लरनेही जुन्या ब्रिटिश संगीतातून उचललेच होते. पण किंक्सपासून मॅडनेसपर्यंत, तीस वर्षांच्या साठ्यातून. ओअ‍ॅसिसने बीटल्स, टी. रेक्स, सेक्स पिस्टल्स सगळे एकत्र घुसळले. १९७७ या एकाच वर्षाशी बांधून घेतलेल्या टोळीपेक्षा त्यांची शिदोरी मोठी होती. शिवाय त्यांची गाणी पबमधला कोणीही, दोन ग्लास रिकामे केल्यावर, खांद्यावर हात टाकून गाऊ शकत होता. ‘न्यू वेव्ह ऑफ न्यू वेव्ह’च्या कोणत्याही गाण्याबद्दल असे म्हणता येत नाही.

ओअ‍ॅसिसचा ‘डेफिनिटली मेबी’ २९ ऑगस्ट १९९४ रोजी आला. स्मॅशचा ‘सेल्फ अब्यूज्ड’ आणि दीज अ‍ॅनिमल मेनचा ‘कम ऑन, जॉइन द हाय सोसायटी’ हे त्यांचे पहिले पूर्ण अल्बम त्याच्या मागोमाग दुकानांत पोहोचले. पहिला ५९वर थांबला, दुसरा ६२वर. या तारखांतच त्यांच्या अपयशाचे बरेचसे उत्तर आहे. साप्ताहिकांनी त्यांना डोक्यावर घेतले तेव्हा त्यांच्याकडे काही सिंगल्स आणि कमी लांबीचे अल्बम एवढेच भांडवल होते. बारा चांगली गाणी रचायला, ती मंचावर घासून बघायला वेळ लागतो. तो वेळ त्यांना मिळाला नाही. बँड पिकण्याआधी चळवळीचे नाव पिकले, आणि अल्बम तयार होईपर्यंत ज्यांनी ते नाव दिले त्यांनीच पान उलटले होते. नवे नाव होते ब्रिटपॉप. एकोबेलीने वेळीच या नव्या छत्राखाली पाऊल टाकले. त्यांचा पहिला अल्बम त्याच हंगामात आठव्या क्रमांकावर गेला, पुढच्या वर्षीचा ‘ऑन’ चौथ्या.

अशा अल्पजीवी पुनरुज्जीवनांची ब्रिटनमध्ये परंपराच आहे. १९७९ मध्ये, ‘क्वाड्रोफेनिया’ या चित्रपटाच्या वर्षी, साठीच्या दशकातल्या मॉड तरुणांचे सूट आणि स्कूटर परत आले. सीक्रेट अफेअर, द कॉर्ड्‌स, पर्पल हार्ट्‌स हे बँड त्यावर दोनेक वर्षे जगले. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘मेलडी मेकर’ने, बहुधा प्रतिस्पर्धी साप्ताहिकाला उत्तर म्हणून, ‘रोमो’ नावाची चळवळ जाहीर केली. ऐंशीच्या दशकारंभीच्या न्यू रोमँटिक मंडळींची झगमग, मेकअप आणि सिंथेसायझर तिला परत आणायचे होते. ऑर्लँडो, प्लॅस्टिक फँटॅस्टिक, डेक्सडेक्स्टर हे तिचे शिलेदार. १९९६च्या वसंतात त्यांचा एकत्र दौरा निघाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सारे आटोपले. मॉड पुनरुज्जीवनामागे निदान पोरांनी स्वतःहून घातलेले कपडे आणि स्वतः विकत घेतलेल्या स्कूटर होत्या. रोमोमागे मुख्यतः एक अंक होता. ‘न्यू वेव्ह ऑफ न्यू वेव्ह’ या दोहोंच्या मध्ये कुठे तरी बसते: गर्दी खरी होती, घाम खरा होता, पण नाव कार्यालयात ठरले होते.

ज्या कार्यालयांत ही नावे ठरत, तीही पुढे राहिली नाहीत. ‘मेलडी मेकर’ २०००च्या अखेरीस ‘एनएमई’मध्ये विलीन झाले. ‘एनएमई’ २०१५ मध्ये फुकट वाटले जाऊ लागले आणि मार्च २०१८ मध्ये त्याचा छापील साप्ताहिक अंक बंद झाला. पाच-सहा बँडांना एका आठवड्यात देशभर नेऊन बसवण्याची आणि तितक्याच सहजपणे उतरवण्याची ताकद असलेली जागा आज ब्रिटनमध्ये नाही. ती ताकद अनेकदा निष्ठुरपणे वापरली गेली. पण वेल्विन गार्डन सिटीतल्या तिघांकडे पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. त्यांना देशाने ऐकावे अशी सोय त्याच निष्ठुर यंत्राने केली, हेही मान्य करायला हवे.

माणसे मात्र चळवळीबरोबर संपली नाहीत. कम्पल्शनचा गिटारवादक गॅरेट ली पुढे जॅकनाइफ ली या नावाने जगातल्या मोठ्या ध्वनिमुद्रण-निर्मात्यांपैकी एक झाला. स्नो पट्रोल, यू टू, आर. ई. एम. यांच्याबरोबर त्याने काम केले. लंडनच्या ब्लॉक पार्टीचा २००७चा ‘अ वीकेंड इन द सिटी’ही त्याचाच. हे विशेष सांगण्यासारखे आहे, कारण ब्लॉक पार्टी, फ्रँझ फर्डिनंड, द फ्यूचरहेड्‌स या बँडांनी २००४-०५च्या सुमारास पुन्हा एकदा १९७७ ते ८०च्या तुटक, कोरड्या गिटारीकडे वळून घवघवीत यश मिळवले. त्यांच्यावर कुठल्याही साप्ताहिकाने एकाच वर्षाचा शिक्का मारला नाही आणि त्यांचे पहिले अल्बम वेळेवर, पुरते शिजून आले.

इलॅस्टिकाला यश पेलले नाही. दौऱ्यांचा ताण, व्यसने आणि आपसांतली फाटाफूट यांत पाच वर्षे गेली. दुसरा अल्बम ‘द मिनेस’ २००० साली आला आणि पुढच्या वर्षी बँड संपला. त्या अल्बमच्या मुखपृष्ठाचे काम माया अरुलप्रगासम या श्रीलंकेतल्या तमिळ घरातल्या तरुण कलावतीने केले होते. बँडच्या अमेरिका दौऱ्याचे चित्रीकरणही तिने केले. दौऱ्यात तिची गाठ यंत्रावर ठोके रचण्याच्या कलेशी पडली. मग जस्टीन फ्रिशमनच्या मदतीने तिने स्वतःची गाणी रचायला घेतली, आणि ‘गलांग’ या पहिल्या महत्त्वाच्या गाण्याच्या लेखनात फ्रिशमनचा वाटा आहे. जग तिला एम. आय. ए. म्हणून ओळखते. फ्रिशमन स्वतः अमेरिकेत जाऊन चित्रकार झाली.

ही चळवळ कानांनी अनुभवायची असेल, तर क्रम असा ठेवावा. आधी वायरचा ‘पिंक फ्लॅग’ सलग ऐकावा. पस्तीस मिनिटे काढणे अवघड नाही. मग इलॅस्टिकाचा पहिला अल्बम. त्यानंतर स्मॅशचा १९९४चा छोटा अल्बम घ्यावा आणि तो मोठ्या आवाजात लावावा, कारण हळू आवाजात त्या तिघांचा जीव गुदमरतो. एकोबेलीचा ‘ऑन’ शेवटी ठेवावा. एवढे ऐकून झाल्यावर, इतिहासाच्या पुस्तकांनी या मंडळींना एका परिच्छेदात उरकले ते योग्य की अयोग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. इलॅस्टिकाच्या बाबतीत ते साफ चूक आहे आणि स्मॅशच्या बाबतीत अर्धे.